भेटकूपन : दुकानदाराला दिलेली बिनव्याजी उसनवारी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९८६ साली डिसेंबरच्या २४ तारखेस ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याच्या स्मरणार्थ हा दिवस ग्राहकांचा म्हणून पाळला जातो. या दिवशी वजनमापे, भेसळ आणि फसव्या जाहिराती यांवर बोलण्याचा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी येथे उपस्थित आहेत. मी आज एका छोट्या, रंगीत, बहुधा सोनेरी किनार असलेल्या कागदाविषयी बोलणार आहे. त्याला कोणी भेटकूपन म्हणतात, कोणी गिफ्ट व्हाउचर. अलीकडे तो कागदही राहिलेला नाही. भ्रमणध्वनीवर येणारा सोळा आकडी क्रमांक तेवढा असतो. दिवाळीला कर्मचाऱ्यांना, शिक्षकदिनाला गुरुजींना, गुणवंत विद्यार्थ्यांना आणि सेवानिवृत्तांना देण्याची ही सर्वमान्य वस्तू झाली आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतील शिपाई सेवानिवृत्त झाले. तीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा वाजवली. निरोप समारंभासाठी आम्ही सहा हजार रुपये वर्गणी जमविली. तालुक्याच्या गावी भांडी, कपाटे आणि शिलाई यंत्रे विकणारे एक जुने दुकान होते. सहा हजार रुपये रोख भरल्यास सात हजारांचे कूपन देतो, असे दुकानदाराने सांगितले. एक हजार रुपये फुकट मिळत आहेत, या आनंदात मीच तो प्रस्ताव शिक्षकवृंदापुढे मांडला व तो एकमताने संमत झाला. मुलीच्या लग्नात लोखंडी कपाट घ्यावयाचे म्हणून त्या गृहस्थांनी ते कूपन पत्र्याच्या पेटीत, देवाच्या पोथीखाली जपून ठेवले. पाच महिन्यांनी ते दुकानी गेले तेव्हा दुकानाला बँकेचे कुलूप होते आणि दारावर नोटीस चिकटविलेली होती. ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले नाहीत. आले असते तर मला बरे वाटले असते. मला ते कळले तिसऱ्याच माणसाकडून, लग्न आटोपल्यावर.

दुकानाची परिस्थिती ठीक नव्हती, हे मला दिसावयास हवे होते. फळ्या निम्म्या रिकाम्या होत्या. जी नावाजलेली शिलाई यंत्रे तेथे वर्षानुवर्षे मिळत, ती ‘येत आहेत, येत आहेत’ असे ऐकून दोन महिने झाले होते. दोन जुने नोकर सोडून गेले होते. दुकानदार कार्ड घेण्यास नकार देई व ‘रोखच द्या, मास्तर’ म्हणे. या सर्व गोष्टी मी पाहिल्या होत्या. त्यांची बेरीज केली नव्हती. गणित शिकविणाऱ्या माणसाने हे कबूल करणे अवघड आहे.

आता या कागदाचे मूळ स्वरूप पाहू. आपल्याकडे किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली आहे. भेटकूपनाच्या व्यवहारात ती पाटी नेमकी उलट फिरते. रोख आपण आज देतो आणि माल उद्या मिळावयाचा असतो. म्हणजे उधारी गिऱ्हाईक देते आणि चोपडीत नाव लागावयाचे ते दुकानदाराचे. आपण वस्तू विकत घेतली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपण उसने पैसे दिलेले असतात, तेही व्याजाशिवाय, तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय. पतपेढीत दोन हजारांचे कर्ज काढावयास गेलो तर दोन जामीनदार लागतात. येथे आपण सहा हजार देतो आणि सोनेरी किनारीचा कागद घेऊन हसतमुखाने घरी येतो.

महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना या संदर्भात एक निकाल आठवेल. भोजनाची कूपने महापालिकेच्या हद्दीत आली म्हणजे ‘माल’ आला काय, आणि त्यांवर जकात वा स्थानिक संस्था कर बसतो काय, असा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१५ च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्णय दिला की, ही कूपने स्वतः माल नव्हेत. तो वाद कराचा होता, हे खरे. तरीही त्यातले तत्त्व सामान्य गिऱ्हाइकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे : हातातला कागद म्हणजे कपाट नव्हे, कपाट मिळेल असे कोणीतरी दिलेले ते वचन आहे. वचनाची किंमत देणाऱ्याच्या पतीवर ठरते.

दुकान सुस्थितीत असेल तर हे वचन पाळले जाते आणि कोणाचेच बिघडत नाही. भेटकूपने वाईट, असे माझे म्हणणे नाही. प्रश्न उभा राहतो तो डळमळीत दुकानाचा, आणि नेमके तेच दुकान कूपने खपविण्यास अधिक आतुर असते. बँक नवे कर्ज देत नाही, घाऊक व्यापारी उधारीवर माल देत नाही, पगाराची तारीख जवळ येते. अशा वेळी रोख रक्कम मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उद्याची विक्री आजच करून टाकणे. हजार रुपये घ्या आणि बाराशेचे कूपन द्या. दुकानदाराला बाराशेचा माल नऊशेला पडत असेल तर त्याचा तोटा नाही, हे मान्य. सणासुदीला चांगली दुकानेही अशी थोडी सवलत देतात. परंतु आडदिवसात, सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर, रोख भरण्याच्या अटीवर कोणी मोठी सवलत देऊ लागला, तर बँकेत त्याला दहा-बारा टक्क्यांनी पैसे का मिळत नाहीत, हे विचारणे भाग आहे. बँकेने ज्याला नाकारले त्याला शाळेच्या वर्गणीने कर्ज द्यावे, असा तो प्रकार होतो.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमधले आहे. फेअरपॅक नावाची एक कंपनी नाताळसाठी बचत योजना चालवीत असे. गरीब व कष्टकरी कुटुंबे वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पौंड भरीत आणि नाताळाच्या सुमारास त्यांना खाद्यपदार्थांची करंडी अथवा मोठ्या दुकानांची कूपने मिळत. पैसे गोळा करणाऱ्या बहुतेक शेजारच्याच बाया असत. आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ दोन महिन्यांवर असताना, ही कंपनी बंद पडली. एक लाखाहून अधिक गिऱ्हाइकांचे पैसे अडकले. दर कुटुंबामागे सरासरी सुमारे चारशे पौंड. शेवटच्या काही दिवसांत येणारी रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात टाकण्याचा प्रयत्न संचालकांनी केला. तो प्रश्न न्यायालयात गेला. पुढे दात्यांचा निधी उभा राहिला, बँकेनेही भर घातली. या सर्वांची बेरीज होऊन गिऱ्हाइकांच्या पदरी सुमारे निम्मी रक्कम पडेल असे ठरले तेव्हा २०१२ साल उजाडले होते. ज्या मुलांसाठी ती बचत होती, ती तोवर सहा वर्षांनी मोठी झाली होती.

माझ्या मते यातील सर्वांत मोठी हानी पौंडांत मोजता येण्यासारखी नव्हती. पैसे गोळा करणाऱ्या बायांना आपल्याच गल्लीत तोंड दाखविणे कठीण झाले. पैसे बुडविले होते कंपनीने. अपराधी वाटत होते ते त्यांना. आपल्या गावांत बचतगटाच्या अध्यक्षा, शिक्षक, ग्रामसेवक यांच्या शब्दावर लोक पैसे देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीच्या नावाचे आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा ज्यांच्या लहानपणाचा भाग आहे, अशी वडीलधारी मंडळी या सभेत बरीच असतील. आपल्याकडील नाट्यपदांच्या तबकड्यांवर तोच कुत्रा असे. भारतातील ग्रामोफोन कंपनीचा कारभार वेगळा. परंतु त्याच एचएमव्ही नावाच्या दुकानांची साखळी इंग्लंडमध्ये होती आणि तिचे पहिले दुकान १९२१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उघडले होते. जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे नाताळची कूपने विकून पुरते महिनाभरही झाला नसताना, ही कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. पहिली घोषणा झाली ती अशी की, भेटकूपने स्वीकारली जाणार नाहीत. दुकाने उघडी होती, माल फळ्यांवर होता, रोख पैसे देणाऱ्याला तो मिळत होता; नाताळात आजीने दिलेले कूपन घेऊन आलेल्या नातवाला मात्र मिळत नव्हता. लोकांत मोठा क्षोभ झाला व आठवडाभरात प्रशासकांनी निर्णय फिरविला. ते गिऱ्हाइकांचे दैव म्हणावे लागेल. कायद्याने त्यांना तसा हक्क नव्हता. ऑस्ट्रेलियात डिक स्मिथ या विद्युत उपकरणांच्या दुकानसाखळीचे जानेवारी २०१६ मध्ये असेच झाले. तेथे कूपने व आगाऊ भरलेल्या रकमा स्वीकारण्यास नकार मिळाला आणि पुढे काही महिन्यांत सर्व दुकाने बंद झाली. अमेरिकेत २००८ साली शार्पर इमेज या कंपनीने आधी कूपने थांबविली व मग अशी अट घातली की, कूपनाच्या दुप्पट किमतीची खरेदी केली तरच ते चालेल. म्हणजे स्वतःचेच पैसे मिळविण्यासाठी तेवढेच पुन्हा भरावयाचे!

असे का होते, हे समजण्यासाठी दिवाळखोरीतील रांग ध्यानात घ्यावी लागेल. आपल्या देशात २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू आहे. कंपनी अवसायनात गेली आणि तिची मालमत्ता विकली गेली की, येणारे पैसे कोणाला कोणत्या क्रमाने द्यावयाचे हे त्या संहितेच्या कलम ५३ मध्ये ठरवून दिले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची दोन वर्षांची देणी आणि तारण घेऊन बसलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचे वर्षाचे पगार, त्यानंतर विनातारण वित्तीय कर्जे, त्यानंतर शासनाची देणी. आणि मग ‘उर्वरित ऋणे’ असा एक कप्पा आहे. कूपनधारक उभा असतो तो तेथे. रांगेतील त्याची जागा पाहिली म्हणजे त्याच्यापर्यंत किती येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. कामगाराचा पगार आधी द्यावा, यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. बँकेने तारण घेतले होते, आपण घेतले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोठे नाव पाहून निर्धास्त राहावे, तर तसेही नाही. देशभर शेकडो दुकाने असलेल्या फ्यूचर रिटेल या कंपनीविरुद्ध जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नादारीची प्रक्रिया सुरू केली आणि २०२४ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. तिची ‘बिग बझार’ ही दुकाने महाराष्ट्रातील कित्येक शहरांत सणाच्या खरेदीचे ठिकाण होती. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर त्यांतील अनेक दुकानांची दारे गिऱ्हाइकांना अचानक बंद आढळली. कर्मचाऱ्यांना दिवाळीला कूपने वाटणाऱ्या कार्यालयांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे, कारण अनेक सुशिक्षितांनाही तो ठाऊक नसतो. कूपने दोन प्रकारची असतात. एखादे दुकान फक्त आपल्याच मालासाठी कूपन काढते. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि त्या पैशांवर तिची देखरेखही नसते. दुकानदार ते पैसे त्याच दिवशी भाड्यात भरू शकतो. दुसरा प्रकार अनेक दुकानांत चालणाऱ्या कूपनांचा. ती काढणाऱ्या बँकेतर संस्थेला रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते आणि लोकांकडून घेतलेली रक्कम बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांत अशा भेटकार्डाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये ठेवलेली आहे. दोन्ही कागद दिसावयास सारखेच. मात्र एकाच्या मागे बाजूला ठेवलेले पैसे आहेत आणि दुसऱ्याच्या मागे केवळ दुकानदाराचा गल्ला आहे. कूपनाच्या पाठीवरची बारीक अक्षरे याचसाठी वाचावयाची.

सराफांच्या मासिक हप्त्यांच्या योजनांविषयीही दोन शब्द. अकरा हप्ते भरा, बारावा आमचा, ही जाहिरात सर्वांनी पाहिली असेल. कंपन्यांच्या ठेवींविषयी २०१४ चे नियम आहेत. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव समजली जाते. अकरा महिन्यांच्या आकड्यामागील मर्म हे. याहून लांब मुदतीची योजना कोणी सांगू लागला तर त्याने ठेवी घेण्याची परवानगी काढली आहे काय, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आपणास आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा अधिनियम आहे, आणि अनियंत्रित ठेव योजनांना बंदी करणारा केंद्राचा कायदा २०१९ मध्ये झाला. परंतु हे दोन्ही कायदे बहुधा पैसे गेल्यावर धावून येतात.

आता आपल्या कामाचे. आपण शासनाचे व पंचायतीचे पैसे खर्च करता तेव्हा पुरवठादाराला मोठा अग्रिम बँक हमीवाचून देत नाही. लेखापरीक्षक तो देऊ देणार नाहीत. मग बक्षीस समारंभाची पंधरा हजारांची कूपने घेताना तीच सावधगिरी का गळून पडते? कूपन हाही अग्रिमच आहे. विद्यार्थ्यांना पुस्तके, कंपासपेट्या, सायकल जे द्यावयाचे ते प्रत्यक्ष विकत घेऊन द्यावे. कूपनच द्यावयाचे ठरले तर मुदत थोडी असेल आणि घेणाऱ्याने लवकर वापरावे असे स्पष्ट सांगितले जाईल, हे पाहावे. भेट घेणारा माणूस कूपन जपून ठेवतो. ‘काहीतरी मोठे घेऊ’ म्हणून थांबतो. दुकानाच्या कठीण काळात हा संयमच त्याच्या मुळावर येतो. आणि कूपन बुडाले तर देणाऱ्याला सांगावयाचा त्याला संकोच वाटतो. देणारा आपली भेट पोहोचली या समाधानात राहतो. दुकानदाराला जाब विचारणारे उरत नाही कोणीच. आमच्या शिपायांच्या बाबतीत हेच घडले. मला कळल्यावर आम्ही पुन्हा वर्गणी काढली व त्यांच्या घरी जाऊन रोख रक्कम दिली. त्यांनी ती दोनदा परत केली, तिसऱ्यांदा घेतली.

माल परत केल्यावर पैशांऐवजी दुकानदार चिठ्ठी देतो, तीही कूपनाचीच बहीण. वस्तू सदोष असेल तर पैसे परत मागण्याचा आपला हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने मान्य केलेला आहे. डळमळीत दुकानात चिठ्ठी स्वीकारू नये.

अखेर, कूपन हाती राहिलेच आणि दुकान बंद झाले, तर काय करावयाचे? प्रथम दुकान कोणाचे हे पाहावे. एका मालकाचे वा भागीदारीचे असेल तर मालक देण्याला स्वतः जबाबदार असतो. दुकानाला कुलूप लागले म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे मराठीतूनही बोलता येते. कार्डाने पैसे भरले असतील तर आपल्या बँकेकडे विनाविलंब लेखी हरकत नोंदवावी. म्हणूनच रोखीने कूपन घेऊ नये.

दुकान कंपनीचे असेल आणि न्यायाधिकरणाने नादारीची प्रक्रिया सुरू केली असेल, तर कंपनीविरुद्धचे दावे तेथल्या तेथे थांबतात. ग्राहक आयोगातही ती तक्रार पुढे चालत नाही. तेव्हा आपला दावा नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दाखल करणे, एवढीच वाट राहते. त्याची जाहीर सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात येते आणि दाव्यासाठी मुदत दिलेली असते ती फार थोडी, पहिल्या सूचनेत सुमारे दोन आठवड्यांची. ही सूचना बारीक टायपात, निविदांच्या गर्दीत छापलेली असते. शाळेच्या वाचनालयात व पंचायतीच्या कार्यालयात वृत्तपत्र येतेच. ती सूचना कापून फळ्यावर लावावी, आणि ज्यांना नमुना भरता येत नाही त्यांचा नमुना शिक्षकांनी भरून द्यावा. सोबत कूपनाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत आणि पैसे भरल्याची पावती जोडावी. मूळ कूपन कोणाच्याही हाती देऊ नये.